आईचा खांदा धरलाय, झटका द्यावा का?

*ए-३०२:* सोसायटीतल्या सगळ्यांना नमस्कार. आईचा डावा खांदा चार महिन्यांपासून धरलाय. वेणी घालता येईना, मागून पदर घेता येईना. रात्री त्या कुशीवर वळली की कळ येऊन जाग येते. एक्स-रे काढला, तो चांगला आला. निलंग्याहून मामा फोन करायलेत की आमच्याकडं हाडं बसवणारा आहे, एक झटका दिला की मोकळा होतो. उद्याच न्यायचं म्हणतात. काय करू?

*बी-१०१:* अगं, आमच्या नणंदेला पण झालं होतं असंच. गळ्यात झोळी बांध आणि हात हलवूच देऊ नको. आराम पडतो.

*सी-२०४:* ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे म्हणून लगेच लिहिते. उद्या नेऊ नका. झटका अजिबात नको, काकू, झोळी पण नको. हे फ्रोजन शोल्डर वाटतंय. यात हाड जागेवरच असतं, म्हणून तर एक्स-रे चांगला आला. मग बसवायचं काय? सांध्याभोवती एक पातळ पिशवी असते. तिला सूज येते, ती जाड होते आणि आकसते. आकसलेली पिशवी ओढून फाडली तर सूज आणखी वाढते. या वयात हाडं ठिसूळ असली तर दंडाचं हाडही मोडू शकतं. डॉक्टर कधी कधी असा हात मोकळा करतात, पण भूल देऊन, दवाखान्यात.

घरी एक करून बघा. आईंचं कोपर कमरेला चिकटवा, ९० अंशांत वाकवा आणि पंजा बाहेरच्या बाजूला न्यायला सांगा. मग तुम्ही स्वतः हळूच नेऊन बघा. जोर करू नका.

*ए-३०२:* केलं. उजवा सहज गेला. डावा थोडासा जाऊन अडतोय, मी नेला तरी तिथंच. दार अडकल्यासारखं.

*सी-२०४:* दुसऱ्यानं नेला तरी अडतो, ही मोठी खूण आहे. नुसती शीर दुखावली असती तर तुमच्या हातानं बराच पुढं गेला असता. तरी हाडांच्या डॉक्टरांना दाखवून खात्री करा. आईंना शुगर आहे का?

*ए-३०२:* आहे, बऱ्याच वर्षांपासून. गोळ्या चालू आहेत, पण तीन महिन्यांची सरासरी यंदा तपासली नाही.

*सी-२०४:* या आठवड्यात तपासा, सोबत थायरॉईडही. हा आजार ४० ते ६० वयात, बायकांना आणि विशेषतः शुगरवाल्यांना जास्त होतो. सुरुवातीला सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं तर दुखणं बरंच उतरतं, पण त्यानं काही दिवस शुगर वाढते. डॉक्टरांना आधीच सांगा.

*ए-१०३:* मॅडम, डावा हात आहे. हृदयाचं तर नसेल?

*सी-२०४:* सर, बरं विचारलंत. हात हलवल्यावरच दुखत असेल तर बहुतेक खांद्याचंच. पण चालताना, जिना चढताना छाती-हात भरून आले, घाम फुटला, दम लागला, तर वाट बघायची नाही, थेट दवाखाना.

*बी-१०१:* मग व्यायाम कोणते गं? मामांना काहीतरी सांगावं लागेल ना तिला.

*सी-२०४:* आधी १०-१५ मिनिटं कोमट शेक. शुगरमुळं आईंना चटका कळत नसेल, म्हणून पिशवी आधी तुमच्या हाताला लावून बघा. मग उजवा हात टेबलावर टेकवून पुढं वाकायचं, डावा हात सैल सोडून लहान गोल फिरवायचे. भिंतीवर बोटांनी हळूहळू वर चालत जायचं, रोज कुठवर गेलं तिथं पेन्सिलची खूण करा, धीर येतो. पाठीवर पडून दोन्ही हातांत काठी धरायची, कोपर अंगाला लावून उजव्यानं डाव्याला बाहेर ढकलायचं. हा सगळ्यात महत्त्वाचा, कारण हीच हालचाल आधी जाते. पाठीमागं टॉवेल धरून ओढायचा व्यायाम सध्या नको, दुखणं उतरल्यावर बघू.

ताण जाणवला पाहिजे, कळ नको. रात्री दुखणं वाढलं तर दुसऱ्या दिवशी निम्मं करा. मामांना हेही सांगा: नेदरलँड्समध्ये ७७ रुग्णांवर अभ्यास झाला, तो २००४ साली छापून आला. सोसवेल तेवढीच हालचाल करणारे दोन वर्षांनी जोर लावून ताणणाऱ्यांपेक्षा चांगले होते.

*ए-३०२:* दोन वर्षं??

*सी-२०४:* पूर्ण मोकळा व्हायला एक ते तीन वर्षं लागू शकतात, खोटं सांगत नाही. पण रात्रीची कळ बहुतेकांची त्याआधीच उतरते. तोवर भाकरी थापू द्या, भाजी चिरू द्या. फक्त भरलेली बादली आणि माळ्यावरचे डबे नकोत.

*ए-३०२:* मामांना आत्ताच फोन लावते. ताई, तुम्ही एकदा येऊन बघाल का?

*सी-२०४:* उद्या संध्याकाळी सातला येते. तोवर आईंना पुढून हुकांचा सैल ब्लाऊज द्या. घालताना दुखरा हात आधी बाहीत, काढताना शेवटी.