अभ्यासिका: उघड्या खिडक्या की एसी?

काळी माती (मूळ धागा)
आमच्या गावात (जि. यवतमाळ) अभ्यासिका बांधायची आहे. आराखडा करणारा बंद खोली आणि एसी सुचवतोय, कारण त्याच्या गणितात उघड्या खिडक्यांची खोली मार्चअखेरीसच 'गरम' ठरते. ते गणित डेन्मार्कचे संशोधक फँगर यांचं, १९७० चं, प्रयोगखोलीत बसवलेल्या माणसांवरून काढलेलं. हवा, भिंती-छताची धग, वारा, दमटपणा, कपडे, अंगमेहनत असे सहाही घटक त्यात आहेत. पण माणूस खिडकी उघडतो, सावलीकडे सरकतो, उन्हाळ्याची सवय करून घेतो, हे त्यात धरलेलं नाही. भारतीय कार्यालयांत लोकांना विचारून २०१४ मध्ये वेगळं सूत्र निघालं: बाहेरच्या महिन्याभराच्या सरासरी तापमानाला ०.५४ नं गुणा आणि १२.८३ मिळवा. सरासरी ३० असेल तर माणसाला बरं वाटणारं तापमान २९ येतं. मग एसी कशाला?

टिनाखालचा
भाऊ, हा २९ चा आकडा पाहून गुत्तेदार म्हनन, "चालते, टिन टाका." माह्या पोरीची शाळा टिनाचीच हाये. दुपारी थर्मामीटर ३७ दाखवते, पन डोक्यावर तवा ठेवल्यावानी लागते. सवय हाये म्हनून लेकरायले किती तापवाचं?

काळी माती
तुमचा राग रास्त आहे. पण धग सूत्राबाहेर नाही, हवेसोबत तीही धरायचीच असते. टेबल टेनिसचा चेंडू काळा रंगवा, थर्मामीटरचं टोक आत बसवा आणि बसल्यावर डोकं येतं तेवढ्या उंचीवर टांगा; तो हवेसोबत छताची धगही टिपतो. आमच्या धाब्याच्या (सपाट मातीच्या छताच्या) घरात हवा ३३, चेंडूही ३३. शेजारच्या टिनाच्या छपरीत हवा ३७ आणि चेंडू ४२! टिनाला नापास करायला हाच आकडा कामी येईल.

वर्धेकाठची
मला दोघांचंही अर्धंच पटतं. हे सूत्र सरासरी ३१ पर्यंतच्या मोजमापांवर उभं आहे. मे महिन्यात आपल्याकडे दुपारी ४५ आणि रात्री ३०, तेव्हा त्याच्या भरवशावर पोरांना बसवू नका. आणि ज्यांना विचारलं ती कार्यालयातली माणसं होती. उन्हात सायकल हाणत आलेली पोरं नव्हेत. एसी मलाही नको, पण सवयीच्या नावाखाली कूलरचे पैसे कापू नका. कोरड्या उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्या लावलेला कूलर खिडक्या उघड्या ठेवूनच चालतो.

टिनाखालचा
हे पटलं. पन जुलैत कूलर अंग चिकट करते. पंखे वायले धरा, अन् छताले कवेलू.

काळी माती
मे पुरतं माझं म्हणणं मागे घेतो. शाळेत चेंडू टांगायची परवानगी मागितली आहे. मिळाली तर दुपारी बारा ते चार दर तासाचे आकडे इथेच टाकतो.