मदत हवी आहे: पक्षी पाय ओढतायत, छातीच्या मांसात पांढऱ्या रेघा, सेलेनियम (खाद्यात अगदी थोडं लागणारं खनिज) कमी पडतंय का?

नमस्कार मंडळी, सिन्नरजवळ कोंबड्यांचं छोटं शेड आहे. कावेरी जातीची बॅच चालूये, महिन्याच्या आसपासचे पक्षी, त्यातले काही पाय ओढत चालतात, बसले की उठत नाहीत पण भांडं तोंडाशी नेलं की खातात, म्हणजे भूक आहे. मेलेला एक कापून बघितला तर छातीच्या मांसात पांढऱ्या रेघा, आणि दुसऱ्याच्या छातीखाली कातडीत हिरवट निळं पाणी! खाद्य घरीच बनवतो, मका, सोयापेंड, मिनरल मिक्श्चर आणि वरून तेल. औषधवाला म्हणतो सेलेनियम आणि व्हिटॅमिन ईचं लिक्विड डबल द्या, शेजारचे काका म्हणतात मरेक्स (कोंबड्यांचा विषाणूचा रोग) आहे, लॉट काढून टाक. काय करू?

उत्तर (निफाड):
भाऊ, नुसत्या रेघा असत्या तर मी गप्प बसलो असतो, जोरात वाढणाऱ्या ब्रॉयलरमध्ये त्या खाद्य चांगलं असूनही दिसतात. पण ते हिरवट पाणी म्हणजे बारीक रक्तवाहिन्या गळतायत, त्यामुळे संशय सेलेनियम आणि व्हिटॅमिन ईवरच जातो. दोघं मिळून स्नायूच्या पेशी जळण्यापासून वाचवतात, एक कमी पडलं तर दुसरं थोडंफार सांभाळून घेतं, दोन्ही कमी पडली की स्नायू मरतो. तेलाला खवट वास येतोय का बघा, खवट तेल व्हिटॅमिन ई खाऊन टाकतं. आणि मिक्श्चर कोंबड्यांचंच आहे ना? आपल्याकडे गाईम्हशींचंच पोतं सर्रास वापरतात. मरेक्समध्ये बहुतेक एक पाय पुढे एक मागे अशी फाकी पडते आणि मांडीची नस जाड झालेली दिसते, ती बघितली का?

उत्तर (दिंडोरी):
डबल डोस अजिबात नको!! ब्रॉयलरला किलो खाद्यामागे ०.१५ मिलीग्रॅमच्या आसपास सेलेनियम लागतं, काही मिलीग्रॅमवर गेलं की तेच विष. लेबलवर लिहिलंय तेवढंच द्या. ताजा मेलेला पक्षी बर्फात घालून सरकारी दवाखान्यात न्या, फ्रीजरमध्ये गोठवू नका, स्नायू तपासायला बिघडतो. तिथून नमुना पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागात पाठवता येतो का विचारा.

धागाकर्ता:
धन्यवाद दादा. नस नॉर्मल वाटली, पाय फाकत नाहीत. मिक्श्चरच्या पोत्यावर कॅल्शियम, फॉस्फरस, झिंक, मँगनीज आहे, सेलेनियमचं नाव नाही. तेल आज बदलतो, सकाळी पक्षी घेऊन दवाखान्यात जातो. जे आडवे पडलेत ते वेगळे काढून पाणी जवळ ठेवलंय, त्यांच्यातले उठतील का हो?