मदत हवी आहे: भाच्याला आयटीआयला घालू की आधी बारावी पूर्ण करू दे?

नमस्कार मंडळी, भाचा 17 वर्षांचा आहे, दहावीला ठीकठाक मार्क होते पण अकरावीत पार मन उडालं, कॉलेजला जातच नाही आणि आता म्हणतो चाकणला मित्रासोबत कंपनीत हेल्पर म्हणून लागतो. ताई रोज रडतेय. दाजी म्हणतात जाऊ दे, चार पैसे तरी आणेल!

मी मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचं बघितलं, काही महिने ट्रेनिंग आणि बारावीवाल्याला महिना 6000, पण त्याला वय 18 आणि किमान बारावी किंवा आयटीआय पास लागतं, म्हणजे तिथेही गाडी शिक्षणावरच अडली. दुसरं असं कळलं की दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केला आणि भाषेचे पेपर दिले की बारावीची समकक्षता मिळते. हे कोणी प्रत्यक्ष केलंय का? पुढे डिप्लोमाला वगैरे चालतं का ते सर्टिफिकेट?

आणि खरा प्रश्न हा की हातात काम आल्यावर पोरं शिक्षण पूर्ण करतात की पगाराची चटक लागून कायमचं सोडतात? 17 नंबर फॉर्म (कॉलेजला न जाता बाहेरून परीक्षा देण्याचा) भरून नोकरी करत बारावी काढलेलं कोणी असेल तर प्लीज सांगा, अभ्यासाला वेळ कसा काढला तेही. उपदेश नको, तो मी त्याला भरपूर देऊन बसलोय.