जंपमागचा पिवळा झेंडा

एका दादांनी विचारलंय, मोटोक्रॉसमध्ये, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या बाईक रेसमध्ये, झेंडेवाल्याला नुसतं उभंच तर राहायचं असतं ना? नाही ओ! जंपवरून, म्हणजे ट्रॅकवरच्या मातीच्या उंचवट्यावरून, उडणाऱ्याला पलीकडं कोण पडलंय ते दिसतच नाही. मार्शलनं, म्हणजे या झेंडेवाल्यानं, पिवळा हलवला की ओव्हरटेक बंद, उडीही बंद. रेस थांबवणारा लाल मात्र आपल्या मनानं काढायचा नाही, क्लर्क ऑफ द कोर्सचा, म्हणजे रेसच्या मुख्य अधिकाऱ्याचा, हुकूम लागतो. पडलेली गाडी उचलायलाही झेंडेवाल्यानं धावायचं नाही. तो जागचा हलला तर मागच्यांना इशारा कोण देणार? आमच्या बेळगावकडची हौशी पोरं नेमकं हेच विसरतात, वर मोबाईल काढतात ते वेगळंच. आणि खानापूरच्या तांबड्या धुळीत पिवळा बघता बघता मातकट होतो, तेव्हा झेंड्यांचा जादा जोड ठेवाच.