गाडी नाही, मग विमानाने यायचंच नाही का?

मेहरूणकर
काल गटात एकाने लिहिलं, "ज्याला घ्यायला घरची गाडी येत नाही त्याने रेल्वेनेच यावं, विमानाचा शौक कशाला?" वाचून डोकं तापलं, म्हणून सविस्तर लिहितो.

माझी आई ७८ वर्षांची. पुण्याहून जळगावच्या विमानतळावर एकटी आली. गुडघे गेलेत, रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये बसवत नाही, म्हणून विमान. शौक नाही. मी ड्यूटीवर होतो. विमानतळ कुसुंब्याला, तिथून जळगाव गाव सहा-सात किलोमीटर, तेवढ्याचे एका खासगी गाडीवाल्याने सहाशे सांगितले. तिने पिशवी उचलली, हमरस्त्यावर आली आणि जामनेरकडून येणाऱ्या एसटीला हात केला. पंच्याहत्तरीच्या पुढे म्हणून तिकीटही नाही. पण भर मे महिन्यात पाऊण तास उन्हात उभी होती. एटीआर विमानात माणसं सत्तरेक. प्रत्येक विमानाला एक मिनीबस लावा, एवढंच मागणं आहे.

पांझराकाठ
सत्तरपैकी पासष्ट जणांना घ्यायला भाऊ, मेव्हणा, कोणीतरी येतंच. आपल्याकडे पाहुण्याला एकटं येऊ देत नाहीत. उरलेल्या चार-पाच जणांसाठी डिझेल कोण जाळणार?

आणि तुम्ही लोक जळगावच्या विमानतळाला "खान्देशचं विमानतळ" म्हणणं आधी बंद करा. धुळ्याहून ते नव्वद किलोमीटर. मी मुंबईलाच उतरतो. टी-२ हून मेट्रो, मरोळ नाक्याला बदलून घाटकोपर, लोकलने कल्याण, रात्रीची गाडी धरून चाळीसगाव. पहाटे घरी. घरची गाडी लागतच नाही.

मेहरूणकर
७८ वर्षांच्या बाईने मरोळ नाक्याला बदलायचं?

पांझराकाठ
विषय निघालाच आहे तर ऐका. १९०६ पर्यंत खान्देश एकच जिल्हा होता आणि त्याचं ठाणं धुळं. आमच्या गोंदूरला धावपट्टी आहे, पण प्रवासी विमान नाही. प्रत्येक गोष्ट जळगावला.

सातपुड्याची लेक
तुम्ही दोघं पूर्व-पश्चिम करत बसा. नंदुरबार १९९८ ला वेगळा जिल्हा झाला, तो तुमच्या दोघांच्याही नकाशात नाही. आमचं विमानतळ सुरत. तिथून स्टेशन, मग ताप्ती लाइन. पुढे अक्कलकुव्याला जायचं तर काळीपिवळी, तीही भरल्याशिवाय हलत नाही. गेल्या वर्षी बाळंतिणीला घेऊन मी तशी आलेय, बाळ वीस दिवसांचं. त्यामुळे "भाऊ, मेव्हणा येतोच" हे मला सांगू नका. माझा भाऊ ऊसतोडीला गेला होता.

पांझराकाठ
ताई, तुमचं वेगळं.

सातपुड्याची लेक
वेगळं कसं? बसच नाही म्हटल्यावर सगळ्यांचं सारखंच.

केळीबाग
मेहरूणकर, आईला उन्हात उभं करून ड्यूटी कसली करता? अर्धा दिवस रजा मिळत नाही?

मेहरूणकर
हाई काय बोलनं व्हयनं, भो? रोजंदारी आहे माझी. एक खाडा म्हणजे एक दिवसाचा पगार. तोंड सांभाळून बोला.

केळीबाग
रोजंदारीचं माहीत नव्हतं. शब्द मागे घेतो. बसचं मात्र अजून पटलेलं नाही. विमान दोन तास उशिरा आलं तर बस थांबणार, की निघून जाणार?

मेहरूणकर
थांबेल. रेल्वेला जोडून गावोगाव गाड्या असतात, त्या नाही का थांबत? निदान फाट्यावर शेड तरी बांधा. सावली आणि पाण्याचा माठ. त्याला डिझेल लागत नाही.

पांझराकाठ
शेडचं मान्य. आईंना उन्हात उभं राहावं लागलं हे चुकलंच. पण ते खान्देशचं विमानतळ नाही, हे मी शंभरदा म्हणेन.

अमळनेरचा जावई
मधेच विचारतो. परवा संध्याकाळच्या विमानाने सासरे येताहेत, मी इकडे नाशिकला अडकलोय. फाट्यावरून जळगावकडे शेवटनी गाडी कव्हय शे? पुढे अमळनेरची रेल्वे धरायची आहे.

मेहरूणकर
एसटीच्या भरवशावर नका ठेवू, अंधार पडतो. परवा माझी दुपारची पाळी आहे, सातला सुटतो. मोटारसायकल घेऊन गेटपाशी येतो, स्टेशनला सोडतो. बॅग मात्र एकच असू द्या.