कुंपणात वीज सोडा म्हणणाऱ्यांना

बांधकरी:
"विहिरींवरच्या मोटारींच्या केबली चोरीला जातात आणि पोलीस दाद देत नाहीत, तेव्हा प्रत्येकाने रात्री कुंपणात वीज सोडावी," हे काल येथे लिहिलेले वाचून मला राहवले नाही. माझ्या चुलत्यांचा गडी अशाच तारेला चिकटून गेला. ती तार शेजाऱ्याने रानडुकरांसाठी सोडली होती आणि गडी पहाटे दारे धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, निघाला होता, कारण आमच्याकडे वीज रात्रीच येते. सौर कुंपणाचा झटका क्षणभराचा असतो. खांबावरून थेट ओढलेला 230 व्होल्टचा प्रवाह चोर आणि गडी यांत फरक करत नाही.

विहीरकाठ:
ते मीच लिहिले होते. उन्हाळ्यात महिन्याभरात माझी केबल दोनदा कापली गेली. विहिरीवर पोहोचलो तेव्हा स्टार्टरची पेटी उघडी होती आणि ओढ्यात केबलीच्या जळक्या आवरणाचा काळा गोळा पडला होता. तांबे तेवढे काढून नेले होते. 12 हजारांची नवी केबल येईपर्यंत डाळिंबाची फुले गळाली. ठाण्यात साध्या कागदावर अर्ज घेतला, गुन्हा नोंदवला नाही.

जुना पोलीसपाटील:
दखलपात्र, म्हणजे पोलिसांना थेट तपास करता येतो अशा, गुन्ह्याची नोंद बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली ललिताकुमारी खटल्यात सांगितले आहे. परंतु मूळ दुखणे भंगाराच्या दुकानात आहे. जळके तांबे कुठून आले, हे तेथे कोणी विचारत नाही. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हाही गुन्हाच आहे, तरी माझ्या कारकिर्दीत एकाही दुकानाची वही तपासलेली मी पाहिली नाही.

विहीरकाठ:
मग ती वही तुम्ही का मागितली नाही? पद तुमच्याकडे होते! आता गावाने काठ्या घेऊन गस्त घालावी, एवढाच मार्ग उरतो.

बांधकरी:
दादा, पालघर जिल्ह्यातले गडचिंचले विसरलात? 16 एप्रिल 2020 च्या रात्री चोर आल्याच्या अफवेवरून जमावाने दोन साधू आणि त्यांचा चालक यांना ठार मारले. गस्त घालायचीच, तर पोलिसांना कळवून ग्रामसुरक्षा दलाची घाला. अनोळखी माणूस दिसला तर फोन आधी, काठी नव्हे.

जुना पोलीसपाटील:
वही मागायला हवी होती, हे मान्य करतो. त्या दुकानदाराशी माझे घरोब्याचे संबंध होते.

विहीरकाठ:
कुंपणात वीज सोडणार नाही, तुमच्या चुलत्यांच्या गड्याखातर. पण केबल पुन्हा गेली, तर गुन्हा नोंदवेपर्यंत ठाण्यात माझ्याशेजारी तुम्ही दोघांनी बसायचे.