टॅग: काळ्या दगडावरची रेघ की खडूची?

कृष्णाकाठ, सांगली
हळदीच्या अडत्यांसाठी पट्टीचं सॉफ्टवेअर करतो, पहिल्यापासून एसव्हीएनवर (कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारी प्रणाली). परवा मार्केट यार्डातून फोन, तोलाई दोनदा कापली जातेय. टॅगमधली (टॅग म्हणजे बाहेर दिलेल्या आवृत्तीची खूण) ३.२ आवृत्ती काढली, तर यार्डात दिलेली ती ही नव्हेच! आमच्यातल्याच कुणीतरी थेट टॅगच्या फोल्डरात कमिट मारलेलं, म्हणजे बदल नोंदवलेला. एसव्हीएनला काय, ट्रंक (मुख्य कोड), ब्रँच (त्याची वेगळ्या कामाची फांदी), टॅग सगळी फोल्डरंच. टॅग म्हणजे एक कॉपी, पावित्र्य आपण पाळायचं. मी म्हणतो गिट या दुसऱ्या प्रणालीवर जाऊ. तिथं ब्रँच म्हणजे कमिटच्या ४० अक्षरी हॅशची (ओळखखुणेची) इवलीशी फाइल. काढली काय, पुसली काय.

पोवईनाका, सातारा
नाचता येईना अंगण वाकडं! प्री-कमिट हुक (कमिट स्वीकारण्याआधी चालणारी तपासणी) लावा की. टॅगमध्ये नवी कॉपी चालेल, बदल नाही. आणि गिटचा टॅगही जोर लावून हलवता येतोच. शिवाय साध्या पुशबरोबर (काम सर्व्हरवर पाठवताना) तो जात नाही, वेगळा ढकलावा लागतो. आमचा एक टॅग तीन आठवडे एकाच लॅपटॉपवर होता, आणि लॅपटॉपवाला गावच्या जत्रेत.

कृष्णाकाठ
हलवता येतो, पण मुद्दाम. गिटमध्ये टॅगवर उभं राहून कमिट केलं तरी टॅग जागचा हलत नाही. आमच्याकडे झालं ते चुकून. अ‍ॅनोटेटेड टॅग केला तर कुणी, कधी, कशासाठी हेही राहतं. गिट २.२० पासून तर दुसऱ्यानं हलवलेला टॅग फेच करताना (सर्व्हरवरचे बदल आणताना) गपचूप आपल्याकडे येत नाही.

भडंगवाला
मर्क्युरिअल या तिसऱ्या प्रणालीला कुणी विचारेना. तिथं नेम्ड ब्रँचचं नाव कमिटमध्येच कोरलं जातं. गिटमध्ये ब्रँच पुसली की ते काम कुठल्या ब्रँचवर झालं, हे मर्जच्या (ब्रँच एकत्र केल्याच्या) मेसेजवर हवाला ठेवून शोधा. टॅगही एका फाइलीत, आणि त्या फाइलीलाही इतिहास. कुणी हलवला तर दिसतं.

कृष्णाकाठ
म्हणजे 'तात्पुरतं-बघू' नावाची ब्रँच जन्मभर कपाळी!

भडंगवाला
त्यासाठी बुकमार्क आहेत, मालक, पुसता येणाऱ्या खुणा.

पोवईनाका
जायचं तर जा, पण सौदे जोरात असताना नको. गिट-एसव्हीएननं (एसव्हीएनमधलं गिटमध्ये आणणारं साधन) आणलेत तर टॅग आधी ब्रँच म्हणून येतात, ते हातानं नीट करावे लागतात. त्याआधी प्रत्येक टॅगवर 'एसव्हीएन लॉग'ला (इतिहास दाखवणारी आज्ञा) 'स्टॉप-ऑन-कॉपी' लावून बघा, म्हणजे कॉपी केल्यापासूनच्याच नोंदी दिसतील. एकाहून जास्त नोंदी दिसल्या की तिथं कुणीतरी हात घातलाय.

कृष्णाकाठ
बघितलं. चौदा टॅग, पाचांत हात घातलेला. त्यातल्या एकात मीच.